तीन फेज, तीन टॅबलेट

आमच्या नातीची, अंजूची, लग्नानंतरची पहिली दिवाळी ज्या वर्षी आली ते वर्ष दोन हजार चोवीस. पहिल्या दिवाळीला जवाई तांड्यावर आला की त्याच्या कानावर 'नाही' हा शब्द पडू द्यायचा नसतो. मी तो पडू दिला नाही, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

जवाई म्हणजे राजकुमार. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. काम नेमकं काय, ते त्यानं मला दोनदा समजावून सांगितलं आहे. दोन्ही वेळा मला समजलं, फक्त दोन्ही वेळा वेगवेगळं समजलं. पोरगा गुणाचा आहे. पुढ्यात आलेलं मुकाट्यानं जेवतो, मोठ्यांसमोर पाय पसरत नाही. खोड एकच. कुणाची अडचण कानावर आली की त्याचे डोळे चमकतात, आणि मग ती अडचण त्याच्या हातून सुटेपर्यंत घरातली एकही वस्तू जागेवर राहत नाही.

अडचण माझी नव्हती, मारोतरावची होती. मारोतराव माझे शेजारी. घराचे नाही, वावराचे. या बाजूला आमचा तांडा, त्या बाजूला त्यांचं गाव, आणि मधे आमची दोघांची वावरं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लावून. मिसरूड फुटलं तेव्हापासून आम्ही त्या धुऱ्यावरून भांडलो आणि त्याच धुऱ्यावर बसून चहा प्यालो. मारोतरावला दम्याचा त्रास. दिग्रसच्या डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, यंदाच्या थंडीत रात्री वावरात काढाल, तर ती थंडी सरलेली तुम्हाला दिसेल असं मी म्हणणार नाही." मारोतरावनी मान डोलावली, औषध घेतलं, आणि त्याच दिवशी गोधडी घेऊन वावरात गेले.

का गेले, ते ज्यांनी शेतीची लाइन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातल्या दिव्याची लाइन वेगळी आणि वावरातल्या मोटारीची वेगळी. मोटारीची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असा कागदावर नियम आहे. कागदाबाहेर ती पाहुण्यासारखी वागते. येतो म्हणून सांगते त्या दिवशी येत नाही, आणि घरात पीठ नसेल त्या दिवशी दारात उभी. बरं, मोटारीला तीन तारांत जीव लागतो, तीन फेज. आमच्या लाइनीवर बऱ्याचदा एकाच तारेत जीव येतो. मग बल्ब लागतो, मोटार मात्र नुसती हूं हूं करते. म्हणून माणूस वावरात बाज टाकतो आणि वाट पाहत बसतो. बटन दाबायला काही वेळ लागत नाही, पण वाट पाहायला अख्खी थंडी लागते. मारोतरावचा मुलगा नयन नागपुरात नोकरीला, त्यामुळे वाट पाहायला दुसरं कुणी नाही.

दिवाळीत भागीरथा, म्हणजे मारोतरावची बायको, फराळाचं ताट घेऊन आली. ताट ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, तुमी तरी सांगा त्यायले. माहं आयकत नाई. मागच्या थंडीत दोनदा दवाखान्यात नेलं. अवंदा वावरात झोपले तं मी काई त्यायले वापस आनू शकत नाई."

माझ्या मागे जवाई बसला होता. मी वळून पाहिलं, तर त्याचे डोळे चमकत होते.

"बाबा," तो म्हणाला, "लाइन आली की आपोआप सांगणारं यंत्र करू. सोपं आहे." आणि त्यानं बॅगेतून पत्त्यांच्या जुडीएवढी एक हिरवी पाटी काढली. पाटीवर बारीक बारीक काळे किडे चिकटवल्यासारखे दिसत होते. "हा पूर्ण कॉम्प्युटर आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग पडदा कुठं हाय?"

"तो वेगळा लावावा लागतो."

"बोलते कशातून?"

"स्पीकर लावला की बोलतो."

"अन् बॅटरी?"

"बॅटरी नसते, बाबा. लाइनीवर चालतो."

"म्हंजे लाइन गेली की हा मरते."

"बंद पडतो. लाइन आली की परत सुरू होतो."

बंडी घ्यायला बाजारात जावं आणि विकणाऱ्यानं नुसता आस हातात देऊन म्हणावं, ही पूर्ण बंडी आहे, चाकं, धुरी अन् बैल तेवढे लावून घ्या, तसं मला वाटलं. पण पहिली दिवाळी होती. मी म्हणालो, "वा!"

दोन दिवस माझं मोटारघर ही जवाईबापूंची प्रयोगशाळा झाली. पाटीला डबा पाहिजे म्हणून भुरीबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मसाल्याचा डबा गेला. पडदा पाहिजे म्हणून घरातला टीव्ही बंडीत घालून वावरात नेला. तांड्यातली अर्धी माणसं टीव्हीच्या मागे मागे आली, त्यांना वाटलं वावरात क्रिकेट दाखवणार आहेत. शेवटी यंत्र बोललं. लाइन आली तेव्हा 'टिंग' वाजलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लाइन लपकली. आमची लाइन लपकतेच. जाते, येते, जाते, येते, नव्या सुनेच्या पदरासारखी. त्या लपकण्यात पाटीच्या कार्डाचं डोकं फिरलं. परत सुरूच होईना.

"कार्ड खराब झालं," राजकुमार म्हणाला. "पुण्याहून चांगलं पाठवतो. सोबत एक छोटी बॅटरी, एक डबा, एक..." तो बराच वेळ बोलत होता. मी सगळ्याला हो म्हटलं. मग दोघांना एसटीत बसवलं, एसटी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला, आणि त्यानंतरच मनातल्या मनात 'नाही' म्हटलं.

पुढच्या आठवडी बाजाराला मी दिग्रसला गेलो. तिथं बबलूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात कोपऱ्यात छपराचे कवेलू रचावेत तसे टॅबलेट रचलेले होते. कुठल्या तरी शिकवणीवाल्यांनी पोरांना वाटायला घेतले, शिकवणी बंद पडली, माल बबलूकडे आला.

"बबलू, याले बॅटरी हाय का?"

"हाय ना बा."

"पडदा?"

"पडदा तं दिसूनच राह्यला."

"बोलते?"

"बोलते, आयकते, पायते. अन् सिम बी टाकता येते. फक्त कोनी घेत नाई. आतमधी जुना माल हाय म्हनते."

मला तिथंच उभ्या उभ्या खात्री पटली, आणि आजही ती हललेली नाही. ज्या यंत्रानं लाइन आली हे सांगायचं, त्याला लाइन नसतानाही जिवंत राहता आलं पाहिजे. टॅबलेटला पोटात बॅटरी आहे. चार्जिंग सुरू झालं, की त्याला आपोआप कळतं की लाइन आली. हे कळावं म्हणून पुण्याची माणसं पाटीला तारा जोडतात, प्रोग्राम लिहितात. आणि हे बिचारं जन्मापासून तेच करतं आहे, कोपऱ्यात विजेचं चित्र दाखवतं आहे, कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पण तार एक, की तीन? मी म्हणालो, "बबलू, तीन दे."

"तीन कायले?"

"तीन फेज, तीन टॅबलेट."

माझी युक्ती साधी होती. एकेका तारेवर एकेक चार्जर, त्यावर एकेक टॅबलेट. चार्जिंग सुरू झालं की आपला ठरलेला आवाज वाजवायचा. एकच बोलला तर एकाच तारेत जीव आहे, घरी बसा. तिघं बोलले तर मोटार लावा. यात प्रोग्राम नाही, पाटी नाही, पुणे नाही. चार्जिंग लागल्यावर आवाज वाजवणारं एक ॲप बबलूनं टाकून दिलं. ॲप सुरू करताना त्याच्या अटी पडद्यावर आल्या. बबलू म्हणाला, "खाली दाबा न बा, कोनी वाचत नाई." अक्षरं मी साठी जवळ आल्यावर शिकलो आहे, समोर आलेलं अक्षर मी वाचल्याशिवाय सोडत नाही. दुपारपर्यंत वाचलं. बबलूनं मधे दुकान बंद करून जेवून घेतलं. अटींमध्ये वावराविषयी काहीही नव्हतं, म्हणून मी 'मान्य' दाबलं.

आवाज दूरवर जायचा तर भोंगा पाहिजे. भोंगा सेवालाल महाराजांच्या मंदिरातला, आणि त्याचा ताबा आमच्या तांड्याच्या नायकाकडे, लखीरामकडे. लखीराम माझ्याहून लहान, पण नायक असल्यामुळे माझ्याहून मोठा. तो म्हणाला, "भोंगा देतो. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बी देतो त्याले चालवाले. पन एका टॅबलेटमधी माहा आवाज पायजे."

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, लाइनीसोबत पुसदच्या गाडीचा टाइम सांगा. दुसरा म्हणाला, रेशन आलं की सांगा. लखीरामच्या मते हरवलेल्या बकऱ्यांची घोषणा व्हायला हवी होती. गावाकडून निरोप आला की तांड्याची बोली आम्हाला कळत नाही, आमच्यासाठी वऱ्हाडीत सांगा. एकानं विचारलं, "एवढं करन्यापरीस मोटारीले ऑटो काहून नाई लावत? लाइन आली की आपोआप चालू." त्याला मी शांतपणे आठवण दिली की ऑटो लाइनमन बाबारावनं मागच्याच वर्षी सगळ्यांचे काढायला लावले होते. लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि तो झटका डीपीला, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, सहन होत नाही. "आपलं यंत्र मोटार चालू करत नाई," मी म्हणालो, "फक्त मानसाले सांगते." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य पुढे मला लाइनमननं परत ऐकवलं, म्हणून इथं नमूद करून ठेवतो.

पहिला आवाज माझा. मी खाकरून, गंभीरपणे बोललो, "शेतकरी बंधूंनो, लाइन आलेली आहे." दुसरा लखीरामचा. त्यानं आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग बापाचं, मग लाइनीचं. तिसरा भुरीबाईचा, कारण तिचा आवाज भोंग्याशिवायही नाल्यापर्यंत जातो. घरात आम्ही गोरबोलीतच बोलतो, पण गावालाही कळावं म्हणून मीच तिला सांगितलं की पहिला शब्द आपल्या बोलीत आणि पुढचे वऱ्हाडीत बोल. मी टॅबलेट तिच्या तोंडापुढे धरून उकिडवा बसलो होतो. ती म्हणाली, "लाइन आगी! लाइन आली होss!" आणि मी बटन बंद करण्याच्या आत, माझ्याकडे पाहून, तेवढ्याच आवाजात म्हणाली, "उठा आता तरी, म्हशीवानी कायले बसून राह्यले!"

"हे खोडून परत बोल," मी म्हणालो.

"एकडाव बोलली ते बोलली. मले भाकरी टाकाच्या हायेत."

तर असा माझा शोध कार्यान्वित झाला. पहिल्या दिवशी सकाळी एका तारेत जीव आला आणि तीन गावांच्या शिवारात आवाज घुमला: "उठा आता तरी, म्हशीवानी कायले बसून राह्यले!" सगळी माणसं हसली. मी म्हणालो, यंत्र चाललं ना? हसणाऱ्यांनी हसावं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टॅबलेटमधून मीच नाही बोललो. बबलूनं म्हटलेला जुना माल जागा झाला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, आज आपण अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत. आधी छेद समान करून घ्या." हरबऱ्यात निंदण करणाऱ्या बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या. लाइन लपकत होती, त्यामुळे दर थोड्या वेळानं अपूर्णांक पहिल्यापासून सुरू व्हायचे. धुऱ्यापलीकडून मारोतराव ओरडले, "अरे खेमसिंग, लाइन आली का शाळा भरली बे?" मी दिग्रसला जाऊन बबलूकडून बाईंना काढून घेतलं. आमच्या तांड्यातल्या काही बायांना अपूर्णांकांची बेरीज अजून येते. पुढे एक टॅबलेट उन्हानं फुगला, मधे पोट आलं. भुरीबाई त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "हे तं गाभन दिसते." तो बदलला, मोटारघराला तुराट्यांचा आडोसा केला. म्हणजे संकटं आली आणि गेली. यंत्र चाललं.

इतकं चाललं की दिवसाच्या पाळीला वावरात बाज टाकणं लोकांनी सोडूनच दिलं. सगळे घरी, चहा पीत, भोंग्याकडे कान लावून. फक्त मारोतराव वावरात.

"कायले बसता?" मी विचारलं. "भोंगा सांगते ना."

"भोंगा सांगीन तवा सांगीन. म्या मशीनच्या भरवशावर गहू नाई पेरला."

एका सकाळी लाइन आली. सरळ, तिन्ही तारांत. तिघंही बोललो: मी, लखीराम आणि भुरीबाई. दोन्हीकडून माणसं निघाली. कुणी सायकलवर, कुणी मोटारसायकलवर, कुणी धोतराचा सोगा धरून पळत. आधी काय व्हायचं, एकाला आता कळायचं, दुसऱ्याला भाकर खाल्ल्यावर, तिसऱ्याला बायकोनं सांगितल्यावर. मोटारी एकामागून एक लागायच्या. त्या दिवशी सगळ्यांना एकाच दमात कळलं आणि सगळ्यांची बोटं एकाच दमात बटनावर पडली. खांबावरून 'भड्डाम' आवाज आला. धूर निघाला. तेल गळायला लागलं. आणि जाता जाता लाइन एकदा लपकली, त्यानं परत जागा झालेला, बॅटरीवर चालणारा माझा भोंगा, लाइन गेल्यावरही, शेवटचं वाक्य पूर्ण करत होता: "म्हशीवानी कायले बसून राह्यले!"

लाइनमन बाबाराव आला. खांबाकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खेमसिंगभाऊ, म्या मोटारीचे ऑटो काढले होते."

"व्हय."

"तुमी मानसायले ऑटो बसवले."

मला उत्तर सुचलं होतं, पण ते द्यायची ती वेळ नव्हती, कारण आजूबाजूला शिवारातले सगळे उभे होते आणि त्यांच्या हातात काठ्या, खराटे, पाइप असं काही ना काही होतं. लखीराम तर म्हणाला, "म्या आधीच सांगतलं होतं, बकऱ्यायचंच सांगा."

नव्या डीपीसाठी तालुक्याला अर्ज द्यायचा होता. तो लिहायचं काम मीच मागून घेतलं. 'कारण' या रकान्यात मी टॅबलेट, तीन फेज, भोंगा आणि बोटं यांची पूर्ण हकिकत लिहिली, दोन्ही बाजूंनी. वीज कचेरीतले साहेब वाचत गेले, हसत गेले, आणि शेवटी कागद परत माझ्यासमोर सरकवला.

"बाबा, हे असं लिहिलं तर हा अर्ज माझ्या टेबलावरून वर जाईल, तिथून त्याच्या वर जाईल, तिथं कुणी विचारेल टॅबलेट म्हणजे गोळी की काय, आणि तुमचा गहू वाळून जाईल. कारणात 'कावळा बसला' असं लिहा."

"पन कावळा बसला नव्हता, साहेब."

"कधी तरी बसला असेलच ना?"

मी कावळा लिहिला. एवढा विचार करून, एवढ्या अटी वाचून केलेलं काम सरकारदरबारी कावळ्याच्या नावावर लागलं. हे मला डीपीपेक्षा जास्त लागलं.

पण खरं लागलं ते दुसरंच. डीपी नाही म्हणजे लाइन येण्याचा प्रश्नच नाही. तरी मारोतराव वावरातच. नवी डीपी अवचित येईल, लोक मोटारी लावून घेतील, आपण मागे राहू, अशी धास्ती. गहू पोटरीत आला होता, हरबरा फुलावर. थंडीनं जोर केला आणि एका सकाळी मारोतराव धुऱ्यावर बसलेले दिसले. उठता येईना. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी आणि बाबारावनं त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून दिग्रसला नेलं. डॉक्टरांनी नळी लावली आणि आम्हाला बाहेर काढलं. काही दिवसांनी मारोतराव परत आले, पण भागीरथा माझ्याशी बोलेना. रस्त्यात समोरून आली तर 'भाऊ' न म्हणता पदर सारखा करून निघून जाई. त्या बाईनं एवढ्या वर्षांत मला नुसतं पाहून कधी सोडलं नव्हतं.

घरी भुरीबाई म्हणाली, "यंत्र बंद करता का आता?"

मी म्हणालो, "बंद कायले? यंत्राची चूक नाई. यंत्रानं सगळ्यायले सांगतलं. आता एकेकाले सांगीन."

कावळ्याच्या अर्जावर नवी डीपी आली. बाबारावनं अट घातली: मोटारी एकामागून एक लागल्या तरच भोंगा राहील, नाहीतर तो भोंगा खांबावरच्या तारेला लावून देईन म्हणाला. मी सगळ्यांना मंदिरासमोर बोलावलं. सांगितलं की आता भोंगा नावं घेणार. ज्याचं नाव येईल त्यानंच मोटार लावायची, मधे दम खायचा, मग पुढचं नाव. हा चौथा टॅबलेट आणला आहे, तो फक्त नावं घेईल. हे सगळ्यांना पटलं. पहिलं नाव कुणाचं, हे कुणालाच पटेना.

लखीराम म्हणाला, नायकाचं. गावातले म्हणाले, डीपी आमच्या हद्दीत आहे. एकजण म्हणाला, वयानुसार. त्याबरोबर तिथल्या सगळ्यांची वयं वाढायला लागली. मी म्हणालो, मारोतरावचं नाव पहिलं.

"कायले? त्यायचं काय विशेष?" लखीराम म्हणाला.

"पहिलं नाव आलं तं ते घरी थांबतीन. मधातलं आलं तं वावरात जाऊन बसतीन, कोनी आपली पाळी मारीन म्हनून. अन् वावरात बसले तं ते मरतीन."

 मग भुरीबाई पुढे आली, माझ्या हातातला टॅबलेट घेतला आणि लखीरामला म्हणाली, "माहाच आवाज शिवारभर आयकू जाते ना? मंग नावं मीच घेतो." आणि तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, बटन दाबून नावं घेतली. पहिलं मारोतरावचं. मग गावातलं एक, तांड्यातलं एक, असं आलटून पालटून. लखीरामला मधे घातलं. सगळ्यात शेवटी, जरा थांबून, माझं. एकडाव बोलली ते बोलली, हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी परत बोल म्हणालं नाही.

आता रात्रीची पाळी राहिली. त्या पाळीत लोक आधीही वावरातच जागत होते, आता भोंग्यावर घरी थांबायला निघाले. पण पोलीस पाटलांनी रात्री दहानंतर भोंगा वाजवायला मनाई केली. परवानगीसाठी मी तीन ठिकाणी गेलो, तिन्ही ठिकाणी मला चौथ्या ठिकाणी जायला सांगितलं. शेवटी मी पुण्याला फोन केला. जवाईबापू नाराज होते; त्यांची हिरवी पाटी भुरीबाईनं मसाल्याच्या डब्यातून काढून खिडकीत ठेवली होती, हे अंजूनं त्यांना कळवलं होतं. पण अडचण ऐकली आणि फोनमधूनसुद्धा मला त्याचे डोळे चमकलेले कळले.

"बाबा, सिम टाकलंय ना टॅबलेटात? मग रात्री भोंग्याऐवजी तो प्रत्येकाच्या मोबाइलवर क्रमानं रिंग देईल. आधी मारोतरावआजोबांच्या."

दोन रविवार तो पुण्याहून सांगत होता आणि मी इथून पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवत होतो. दुसऱ्या रविवारी शेवटी तो हळूच म्हणाला, "बाबा, ते टॅबलेट अजून मिळतात का दिग्रसला? मला दोन पाहिजे होते." मी म्हणालो, पाहतो. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं ते फोनवर दिसत नाही, हे बरंच आहे.

दिवसाच्या पाळीचा पहिला दिवस. मारोतराव भोंग्याची परीक्षा घ्यायची म्हणून वावरात येऊन बसलेच. भोंगा म्हणाला, "मारोतराव, लावा मोटार!" धुऱ्याधुऱ्यावर माणसं उभी होती, एकानंही बटनाला हात लावला नाही. मारोतरावनी मोटार लावली. पाणी आलं. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग पुढचं नाव आलं, मग त्यापुढचं. माझं नाव येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. तिसऱ्या दिवशी नाव ऐकूनच घरून निघाले, मफलर गुंडाळून, हात मागे बांधून, मुद्दाम हळूहळू.

"काय मारोतराव, आज उशीर?"

"मंग? पहिला नंबर हाय माहा. तुह्यावानी शेवटचा नाई, धावत याले."

रात्रीची पाळी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा आमच्या दारात आली. हातात झाकलेली वाटी होती.

"भाऊ," ती म्हणाली. मग वाटी माझ्या हातात दिली. "काल ते घरी झोपले. फोन वाजला, गेले, बटन दाबलं, आले, परत झोपले. रातभर खोकलले. पन घरी खोकलले."

त्या थंडीत मारोतरावनी पुन्हा एकही रात्र वावरात काढली नाही. गहू त्यांचा चांगला झाला, माझ्याहून चांगला, आणि हे त्यांनी मला उन्हाळाभर धुऱ्यावरून ऐकवलं. पावसाळ्यात कपाशी डवरताना पण ऐकवलं. डॉक्टर बोलले होते त्यापेक्षा एक उन्हाळा आणि एक पावसाळा जास्त मिळाला.

मारोतराव दोन हजार पंचवीस साली, कोजागिरीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी जेवून आडवे झाले ते वारले. घरीच वारले, भागीरथा शेजारी बसलेली असताना.